चवथ, सटी आणि जन्मदाखला

माझ्या विभागातल्या दोघांच्या बायका सध्या गरोदर आहेत. गेल्या पंधरा दिवसांत दोघांनीही मला साधारण तेच प्रश्न विचारले. बापाला रजा मिळते का, दाखल्यासाठी कुठे जायचं, इस्पितळात आपल्याला आत घेतात का, खर्च किती येतो. जेवणाच्या सुट्टीत जमलं तेवढं सांगितलं, उरलेलं इथे लिहितो आहे. आमची मुलगी २२ ऑगस्ट २०२५ ला झाली. आता ती पाच महिन्यांची होईल. तारखा सगळ्या आठवतात, कारण त्या एका वहीत लिहिलेल्या आहेत. त्या वहीबद्दल पुढे सांगतो.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम करतो. बायको एका पतसंस्थेत आहे. दिवस राहिल्याचं कळलं ते डिसेंबर २०२४ च्या अखेरीस. तेव्हा गावात जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू होत्या. माझी भूमिका मोठी होती. आमच्याकडे जत्रेचं मराठी नाटक म्हणजे वर्षाचं काम, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही: आनंद झाला, घरच्यांना सांगितलं आणि रात्री तालमीला गेलो. पहिल्या दोन तपासण्यांना ती तिच्या आईबरोबर गेली. मी गेलो नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

मी पहिल्यांदा गेलो ते ९ एप्रिलला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांची खास मोफत तपासणी असते, डॉक्टर नक्की भेटतात, तो दिवस धरून ठेवा. तिचं हिमोग्लोबिन ८.९ आलं होतं. लोहाच्या गोळ्या आधीच दिलेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी कार्ड बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि मग मला विचारलं, "गोळी रोज घेते की नाही, हे घरात कोण बघतं?" मला उत्तर देता आलं नाही. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, हेही मला त्या दिवशी कळलं. ती रोज सकाळच्या चहाबरोबरच घेत होती. त्या रात्रीपासून जेवणानंतर दीड-दोन तासांनी लिंबू पिळून गोळी तिच्या हातात द्यायची, हे काम माझं झालं. रात्रपाळी असली की निघण्याआधी पेला भरून ठेवायचो. जुलैत हिमोग्लोबिन १०.६ झालं. गरोदरपणात मी हाताने केलेलं असं हे एकच काम. पण बाप होण्याची सुरुवात माझ्यापुरती तिथे झाली.

सोनोग्राफी खासगीत दोनदा केली, दर वेळी १,८०० रुपये. मुलगा की मुलगी हे सांगणं आणि विचारणंही कायद्याने गुन्हा आहे, भिंतीवर तसा फलक असतो. तरी ओळखीतली माणसं "पोट पुढे आहे, मुलगाच" असं म्हणत राहिली. त्यांना काही बोलू नये हे बरं. बायकोला मात्र त्याचा त्रास होतो, हे मला उशिरा समजलं.

आता रजेचं. बायकोला कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्व रजा १५ दिवस, आणि आपल्या राज्य सरकारच्या नोकरांनाही तशीच. माझा एक मित्र सरकारी शाळेत शिक्षक आहे, त्याला ती मिळाली. खासगी कंपनीत बापाला रजा द्यायचीच असं बंधन नाही. आमच्या कंपनीच्या नियमांत ती नव्हती. जूनमध्ये मी विचारायला गेलो तेव्हा "दोन दिवस घ्या की, बाळंतपण बायकांचं काम" असं उत्तर मिळालं. ते मला लागलं. माझ्या शिलकीत २२ दिवसांची हक्काची रजा होती. ती मी दरवर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आणि जत्रा यांच्यासाठी राखून ठेवतो. सगळी एकदम मागितली. तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या, संभाव्य तारीख लिहा, डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स जोडा आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. माझा अर्ज आधी परत आला, महिन्याभराने पोच दाखवून पुन्हा दिला तेव्हा मंजूर झाला. पोच नसती तर अर्ज आलाच नाही असंही कोणी म्हणू शकलं असतं.

संभाव्य तारीख २५ ऑगस्ट होती आणि चवथ २७ ला. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, चवथ म्हणजे आमच्याकडे सगळं घराणं मूळ घरी जमण्याचा दिवस. गणपती एक, भाऊबंद सगळे. मूर्ती चित्रशाळेत महिनाभर आधी सांगून ठेवलेली. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची लाकडी चौकट, बांधायचं काम पंधरा वर्षांचा असल्यापासून माझ्याकडे आहे: कवंडळं, आंबाडे, घागऱ्या, सुपारीचे घोस, नारळाची पेंड, चिबूड, कुठून काय आणायचं ते मी एका वहीत लिहून ठेवतो. मूल चवथीच्या आधी झालं तर घराण्याला सोयर, मग गणपती आणायचा कसा? आई हे बोलून दाखवत नव्हती, पण रोज कालनिर्णयापाशी उभी राहायची. मीही मनातल्या मनात म्हणत होतो, दोन दिवस पुढे जाऊदे. आपल्या मुलीने कधी जन्माला यावं याचा हिशेब मी माटोळीवरून करत होतो.

२१ तारखेला रात्री अकराला पाणी गेलं. १०८ ला फोन केला, वीस-पंचवीस मिनिटांत गाडी आली. पैसे लागत नाहीत. अस्नोड्यापर्यंत इतका पाऊस होता की समोरचं दिसत नव्हतं. पिशवी आठव्या महिन्यातच भरून ठेवा, आणि कपड्यांइतकीच कागदांची फाइल महत्त्वाची: माता-बाल कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, दोघांची आधार कार्डं, लग्नाच्या नोंदणीचा दाखला. आमची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत होती म्हणून वाचली.

प्रसूतिगृहात एका बाईमाणसाला सोबत जाता येत होतं, सासू गेली. मी बाहेर. बाहेर आम्ही पाच पुरुष होतो. एकाचे वडीलही आले होते, ते जप करत होते. कोणी कोणाशी बोललं नाही. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं आणि नर्स म्हणाली, "चली जाली. दोगांय बरीं आसात." मी त्या बाईंना हात जोडले. वजन २.८ किलो. बीसीजी, पोलिओचा डोस आणि काविळीची (हिपॅटायटिस-बीची) लस जन्माच्या दिवशीच देतात, ती दिल्याची नोंद कार्डावर झाली की नाही तेवढी बघून घ्या.

घरी फोन केला. आई आधी रडली, मग म्हणाली, "सोयर आलं रे." एवढंच. त्यात तक्रार नव्हती. चित्रशाळेत कळवायला बाबा स्वतः गेले.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात जन्मनोंदणीचा अर्ज भरायला दिला. दोन रात्रींत मी तीन तास झोपलो असेन. बाळाच्या नावाची जागा रिकामी ठेवायला सांगितलं, बारशानंतर भरता येते. आई-बापाची नावं मी भरली आणि चूक केली. आमचं आडनाव गावकर. घरच्या जुन्या कागदांवर, पोर्तुगीज काळापासून, त्यात 'जी-ए' नंतर 'यू' आहे. माझ्या आधारवर आणि लग्नाच्या नोंदणीत 'ओ' आहे. घरपट्टी, वीजबिल, सगळीकडे 'यू' लिहून लिहून हाताला वळण पडलेलं. अर्जावर तेच लिहिलं, सही केली, दिला.

२४ तारखेला रविवार. सकाळी नर्सने बाळाचं नाक बोटाने किंचित दाबून सोडलं आणि बोट उचललं तिथे कातडी पिवळी दिसली. रक्त तपासलं, बिलिरुबिन १७ च्या वर. नवजात बाळांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसणं सर्रास असतं: जन्मानंतर तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि त्यातून निघणारं पिवळं द्रव्य, म्हणजे हेच बिलिरुबिन, निस्तरायला बाळाचं यकृत अजून तयार नसतं. निळ्या प्रकाशाने ते द्रव्य लघवी-शीतून जाण्याजोगं होतं. हे सगळं डॉक्टरांनी मला नीट समजावलं, तरी पाय कापत होते. घरून फोन येत होते, "कोवळ्या उन्हात धरा, बरं होतं." डॉक्टरांनी सांगितलं, आकडा एवढा वर असताना उन्हावर विसंबायचं नाही.

बायकोला टाके होते, फार वेळ बसवत नव्हतं. सासू रात्रभर जागून थकली होती. नर्सने दारातून विचारलं, "बाळाचे बाबा कोण? हात कोपरापर्यंत धुवून आत या." मी आत गेलो.

ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही. निळ्या दिव्याखाली ती फक्त लंगोटात, डोळ्यांवर पांढरी पट्टी. त्या उजेडात तिचं अंग पिवळं दिसत नव्हतं, राखाडी दिसत होतं. पट्टी सरकली की लगेच नीट करायची, डोळ्यांवर प्रकाश जाऊ द्यायचा नाही, हे माझं काम. ती हात वर उडवायची, जणू खाली पडतेय. नर्सने दाखवलं: तळहात तिच्या छातीवर नुसता ठेवा, दाबू नका. ठेवला. तिची अख्खी छाती माझ्या तळव्यात मावत होती आणि आतलं काळीज बोटांना लागत होतं, फार भराभर. हळूहळू हात खाली आले. मी तसाच उभा राहिलो. हात काढला की ती दचकायची, म्हणून काढला नाही. मधे किती वेळ गेला माहीत नाही, दुसऱ्या हाताने मी मोबाइलही बघितला नाही. कंपनीत यंत्रापाशी आठ तास उभं राहायची सवय आहे, पण असं उभं राहणं मला माहीत नव्हतं.

दर दोन-अडीच तासांनी तिला आईकडे न्यायचं, दूध झालं की परत आणायचं. दूध किती वेळ प्यायली, सू किती, शी किती आणि कोणत्या रंगाची, हे लिहून ठेवायला सांगितलं. खिशात कागद नव्हता. पिशवीत माटोळीची वही होती, चवथीच्या बाजारासाठी आणलेली. एका पानावर "नारळाची पेंड १, कवंडळं ७, आंबाडे २ घोस", त्याच्या पुढच्या पानापासून "२.१० दूध १५ मिनिटं, २.४० सू, ४.०५ शी हिरवट". ती वही आता आमच्या घरातला सगळ्यात मोलाचा कागद आहे. तुम्हीही लिहा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले झाले म्हणजे दूध पुरतंय, हा आम्हाला दिलेला सरळ हिशेब. आईला "दूध पुरत नाही वाटतं" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही वही दाखवता येते.

चौथ्या दिवशी दुपारी बायको रडायला लागली. कारण विचारलं तर कारण नव्हतं. मी म्हणालो, "रडतेस कशाला, आकडा उतरतोय ना?" ती आणखी रडली. ज्या नर्सने मला आत बोलावलं होतं, तिनेच बाजूला घेऊन सांगितलं, की पहिल्या आठवड्यात बाळंतिणीचं असं होतं, बहुतेकींचं होतं, समजूत घालू नका, जवळ बसा. दोन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं, झोप-जेवण सुटलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर मात्र डॉक्टरांकडे आणा, वाट बघू नका. मी जवळ बसलो. तिचे केस विंचरून दिले. लग्नाला चार वर्षं झाली, हे मी आधी कधी केलं नव्हतं. बारशापर्यंत तिचं रडणं थांबलं. ज्यांच्याकडे थांबणार नाही त्यांनी त्या नर्सचं ऐकावं.

२६ ला आकडा ११ वर आला आणि संध्याकाळी घरी सोडलं. बाळंतपण, औषधं, निळा दिवा, तिचं जेवण, सगळं धरून इस्पितळाचं बिल शून्य. सरकारी इस्पितळात बाळंतपणाला आणि आजारी नवजात बाळाला पैसे लागत नाहीत, हे खूप जणांना माहीत नसतं आणि ते विनाकारण कर्ज काढतात.

२७ ऑगस्ट. चवथ. तिचा सहावा दिवसही तोच, म्हणजे सटीची रात्र.

माझ्या आठवणीत पहिल्यांदाच आमच्या घरात चवथीला गणपती नव्हता. देवघरात दिवा नाही, माटोळीची लाकडी चौकट छताला नुसती. शेजारच्या वाड्यावर आरत्या चालल्या होत्या, घुमट हे वाद्य वाजत होतं, दर अर्ध्या तासाने फटाके. बाळ दचकू नये म्हणून मी खिडक्या लावल्या. दरवर्षी या वेळी मी घामाने निथळत शिडीवर असतो. मला वाईट वाटेल असं मी धरून चाललो होतो. पण सकाळपासून मी बघत होतो ते एवढंच, की तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग किती पांढरा झाला.

रात्री आईने सटीची मांडामांड केली. सुपात तांदूळ, नारळ, दिवा, कोरा कागद आणि पेन. सटी येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही, कोणीतरी जागायचं. आमच्याकडे बायका जागतात. मी म्हणालो, मी जागतो, तशीही दोन-अडीच तासांनी दुधासाठी उठवायचीच आहे. आई काही बोलली नाही, चटई सरकवून दिली. साडेबाराच्या सुमारास बाबा येऊन बसले.

बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. आमच्या भागातले बहुतेक बाप खनिज वाहायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि पुढच्या वर्षी त्यांनी ट्रक विकला. त्याआधीचे बाबा मला फक्त रात्रीचे आठवतात, अंगावर तांबडी धूळ, जेवण, झोप. त्या रात्री ते सुपाकडे बघत म्हणाले, "तू झालास तेव्हा मला तिसऱ्या दिवशी कळलं. हंगाम होता, खेपा सोडून येता आलं नाही. सटीला पोचलो, तोवर दिवा विझायला आला होता. तेल मी घातलं." मग थोड्या वेळाने, "तुला न्हाऊ घालताना मी कधी बघितलं नाही. बघायला हवं होतं." बत्तीस वर्षांत त्यांनी माझ्याशी असं काही बोललं नव्हतं. ती कुरकुरली तेव्हा त्यांनी हात पुढे केले, मी ती त्यांच्याकडे दिली. मान कशी धरायची ते त्यांना मी दाखवलं. तीन वाजता दिव्यात तेल त्यांनीच घातलं.

सोयर सुटल्यावर २ सप्टेंबरला बारसं केलं, फार मोठं नाही. गणपती आमच्या भटजींच्या सांगण्याप्रमाणे अनंत चतुर्दशीला, ६ तारखेला, आणला आणि दुसऱ्या दिवशी पोचवला. माटोळी लहान बांधली. त्याच रविवारी रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, म्हणून आईने बाळ-बाळंतिणीला संध्याकाळीच आत घेतलं.

आई आणि मी यांच्यात खटके उडाले ते घुटी, काजळ आणि धुरी यांवरून. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नाही, असं इस्पितळात बजावलं होतं, काजळ डोळ्यांत नाही, धूर कोवळ्या फुप्फुसांना वाईट. आईने तीन मुलं वाढवलेली, तिला हे तिच्या शहाणपणावर बोट ठेवल्यासारखं वाटलं. मी दोनदा आवाज चढवला, त्याने काहीच साधलं नाही. शेवटी तिला घेऊनच आरोग्य केंद्रात गेलो आणि तिचे प्रश्न तिलाच विचारू दिले. आता तेलमालीश रोज तीच करते, घुटी नाही, धुरी नाही, आणि काजळाचा टिळा तळपायाला. बाळंतिणीचं खाणं मात्र सगळं आईचं: उकड्या तांदळाची पेज, हळिवाची खीर, नाचण्याचं तिजाण. त्यात मी पडलो नाही.

आता दाखला. ३ सप्टेंबरला मी आमच्या पंचायतीत गेलो. सचिवांनी सांगितलं, जन्म जिथे होतो नोंदणी तिथेच, इस्पितळ ज्या पालिकेच्या हद्दीत असेल तिथे जा. माझी एक फेरी फुकट गेली, तुमची जाऊ नये. दुसऱ्या दिवशी पालिकेत. माझ्या डोक्यात २१ दिवस होते: २२ ऑगस्टपासून मोजले तर १२ सप्टेंबरला मुदत संपणार. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं. इस्पितळातल्या जन्माची खबर इस्पितळानेच द्यायची असते, ती आलेली आहे, नोंद झालेली आहे. २१ दिवसांची मुदत त्या खबरेची. ती चुकली तर आधी विलंबशुल्क, तीस दिवसांनंतर अधिकाऱ्याची लेखी परवानगी, वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश. म्हणून नोंद झाली की नाही याची खात्री आपण करायची. बाळाचं नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत.

मग त्यांनी पडद्यावरची नोंद वाचून दाखवली आणि मला आडनावातला 'यू' दिसला.

"एका अक्षराने काय होतं" असं वाटलं होतं खरं. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, मतदारयादी, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. बापाचं नाव तिच्या दाखल्यावर एक आणि बापाच्या आधारवर दुसरं, हे ओझं तिच्या जन्मभराचं. त्यातून गोव्यात नाव-आडनाव बदलणं सोपं नाही, त्याला १९९० चा वेगळा कायदाच आहे. लिहितानाची चूक दुरुस्त करणं मात्र निबंधकाच्या हातात असतं. माझ्याकडे प्रतिज्ञापत्र, दोघांची आधार कार्डं आणि लग्नाचा दाखला मागितला. लग्नाची नोंदणी करताना केलेल्या त्या दोन सह्यांचं महत्त्व मला चार वर्षांनी कळलं. ८ तारखेला स्टॅम्प पेपर आणि नोटरी मिळून ३५० रुपये गेले, ९ ला कागद दिले, बारशाचं नावही त्याच वेळी घातलं. मूळ नोंद खोडत नाहीत. ती तशीच ठेवून समासात दुरुस्ती लिहितात, तारीख आणि सही घालून. बाईंनी रजिस्टर माझ्याकडे वळवून दाखवलं. माझी चूकही तिथे राहणार आणि ती मी सुधारल्याची तारीखही. १८ सप्टेंबरला दाखला हातात आला. पहिली प्रत फुकट, मी आणखी चार घेतल्या. पालिकेत चार फेऱ्या, पेट्रोल वेगळं.

त्याच आठवड्यात अंगणवाडीतून ममता योजनेचा अर्ज भरला. मुलगी झाली तर गोवा सरकार आईच्या खात्यात १०,००० रुपये घालतं, अर्ज वर्षाच्या आत करायचा. अंगणवाडी सेविकेला आधी विचारून गेलात तर एका फेरीत होतं. अर्ज भरत होतो तिथे बसलेल्या एका ओळखीच्या माणसाने बाबांना म्हटलं, "बरं झालं, लक्ष्मी आली. पुढच्या खेपेला मुलगा." बाबा म्हणाले, "कशाला? घराच्या कागदावर हिचंच नाव लागणार आहे." आमच्याकडे पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी कायद्यापासून मुलगी मुलाइतकीच वारस आहे, आणि आई-बापाच्या मनात आलं म्हणून तिचा वाटा पूर्ण काढून टाकता येत नाही. कायदा मला माहीत होता. बाबांच्या तोंडून तो चारचौघांत ऐकला तेव्हा वेगळा वाटला. अर्थात कायदा असला तरी आपल्या घराघरांतून बहिणींकडून सह्या घेतल्या जातात, आमच्या घरातही आत्यांनी केल्या आहेत. त्याचा विचार मी आधी कधी केला नव्हता. आता डोक्यातून जात नाही.

१५ सप्टेंबरला कामावर गेलो. पहिले तीन महिने रात्रपाळी नको असा अर्ज दिला, लेखी, पोच घेऊन. एका सहकाऱ्याने बदली करून घेतली म्हणून जमलं. ओव्हरटाइम सोडला, महिन्याला चारेक हजारांनी पगार कमी येतो. ते सोपं नाही, नवी मोटरसायकल घ्यायची होती ती राहिली. संध्याकाळी आमोण्याच्या पुलावर आलो की पूर्वी मी मित्रांसाठी थांबायचो. आता सरळ घरी. सहाला तिची जागं राहण्याची वेळ असते.

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी ३ ऑक्टोबर, ३१ ऑक्टोबर आणि २८ नोव्हेंबरला झाल्या, तिन्ही वेळा मी होतो. पहिल्या वेळी मांडीतल्या सुया बघून मी तोंड फिरवलं, दुसऱ्या वेळेपासून तिचा पाय मीच धरतो. रात्री ताप येतो. औषधाचे थेंब वजनाप्रमाणे किती, ते आधीच विचारून लिहून घ्या. रात्री दोन वाजता शोधत बसू नका.

नाटकाच्या तालमी डिसेंबरात सुरू झाल्या. मी नाही म्हणालो. मंडळींना वाईट वाटलं, मलाही वाटलं, कारण रंगमंच मला अजून तितकाच प्रिय आहे. पुढच्या वर्षी बघू.

आधारही काढलं. पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो, आणि आई किंवा बापाच्या आधारला जोडतात. पाच पूर्ण झाल्यावर ठसे द्यायचे. पैसे लागत नाहीत. जन्मदाखल्यावरचं नाव जसंच्या तसं जातं, म्हणून आधी दाखला नीट करा. फोटो चार वेळा काढावा लागला, तिची मान धरलेली नव्हती, मागून मी हात दिला होता आणि बोटं दिसत होती. निळं कार्ड टपालाने आलं ते फाइलमध्ये आहे, वहीच्या शेजारी.

पुढची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवराची, म्हणजे २२ मे नंतर. त्या दिवसाच्या रजेचा अर्ज मी गेल्या सोमवारी दिला. पोच घेतली आहे.